चौथा ठिपका

"वहीत न्हाई, म्हंजे झालंच न्हाई."

बाईंच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. एक डोळा मिटून त्यांनी परीक्षानळी खिडकीतल्या उजेडासमोर धरली होती. मी शेजारी उभा राहून मोठ्या उत्साहाने सांगत होतो, की विद्यार्थ्यांना द्यायचं मिश्रण मी स्वतः दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळा उत्तर एकच आलं.

"लिवलंय कुठं?"

"लक्षात आहे माझ्या."

त्यावर ते वाक्य. मग नळी घोडीवर ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "आता तिसऱ्यांदा करा."

मी केलं. उत्तर वेगळं आलं.

ही स्वातंत्र्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, म्हणजे प्रॅक्टिकलला मुलांच्या पाठीमागून फिरणारा आणि फुटलेल्या नळ्या गोळा करणारा माणूस. बाई विलायतेहून डॉक्टर होऊन आल्या आणि आमच्या विभागात रुजू झाल्या. त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगितलेलं त्यांना आवडलं नसतं. शिवाय कॉलेजात दुसऱ्या बाई नव्हत्याच, त्यामुळे 'बाई' एवढंच नाव पुरायचं.

विलायतेहून येणारी बाई कशी असेल, याची आम्ही आपापल्या मनात चित्रं काढून ठेवली होती. ती सगळी पहिल्याच दिवशी पुसली गेली. ठेंगण्या, सावळ्या, घट्ट अंबाडा घातलेल्या, जाड सुती पातळ नेसलेल्या बाई कॉलेजच्या फाटकातून आल्या आणि शिपायाला म्हणाल्या, "मी आलोय म्हणून सांगा आत." आमच्याकडे बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. पण पुण्याहून नव्याने आलेले आमचे गणिताचे प्राध्यापक ते ऐकून इतके दचकले, की बाईंच्या मागे आणखी कोणी गृहस्थ उभे आहेत का म्हणून डोकावून बघायला लागले.

वर्गात त्या स्वच्छ पुस्तकी मराठी आणि इंग्रजी बोलत. वर्गाबाहेर पाऊल टाकलं की गडहिंग्लज. गडहिंग्लज त्यांचं गाव. वडील तिथे प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि मामा गुळव्या. उसाचा रस काहिलीत, म्हणजे भल्या मोठ्या कढईत, उकळून त्याचा गूळ करताना, कधी जाळ वाढवायचा, कधी मळी काढायची, कधी पाक उतरवायचा, हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो गुळव्या. वडिलांनी मुलीला अक्षरं शिकवली आणि मामांनी बघायला शिकवलं, असं बाई म्हणायच्या. मॅट्रिक, बी.एस्सी., एम.एस्सी. असं करत, युद्ध संपता संपता शिष्यवृत्ती मिळवून त्या बोटीत बसल्या होत्या.

त्यांच्या पहिल्या तासाला मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "बाई, विलायतेत भाकरी मिळायची काय?"

सगळा वर्ग हसला. बाईंनी खडू खाली ठेवला आणि वर्गाचा नियम मोडून गावच्या भाषेत उत्तर दिलं. "न्हवती मिळत. म्हणून तर परत आलो. बस खाली." पुन्हा वर्ग हसला, पण हे हसणं निराळं होतं. त्यानंतर त्या वर्गात कोणी आवाज चढवला तो फक्त बाईंनी.

गल्लीतल्या लोकांची मात्र निराळीच अडचण झाली. डॉक्टरीणबाई राहायला आल्या म्हणून खोकला, पोटदुखी, लहान मुलांचा ताप असं सगळं त्यांच्या दारात यायला लागलं. बाई समजावून थकल्या. शेवटी एकदा एका आजीबाईंना म्हणाल्या, "आजी, मी औषधाची डॉक्टर न्हवं. मी साखरंची डॉक्टर." आजीबाईंनी ते गल्लीभर सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून मधुमेहाचे लोक यायला लागले.

दुपारच्या सुट्टीत बाई, मी आणि प्रयोगशाळेचे शिपाई चाचा असे तिघे प्रयोगशाळेतच चहा प्यायचो. चाचा पन्नाशीचे होते. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या शहरात राहिलेलं. नळी वाकवणं, तुटलेला तिपाया जोडणं, अडकलेलं बूच काढणं ही सगळी कामं त्यांच्या बोटांत होती. त्या चहाच्या वेळी बाई विलायतेतल्या गोष्टी सांगायच्या.

त्यांचं विद्यापीठ फार जुनं. दगडी जिन्यांच्या पायऱ्या शेकडो वर्षांच्या बुटांनी मधोमध खोलगट झालेल्या. रसायनाची प्रयोगशाळा तळघरात, भिंतीभर पाइप, आणि खिडकीतून फक्त रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय दिसायचे. "चार वर्षं मी इंग्लंडात माणसं बघितली ती गुडघ्याखाली," असं त्या म्हणायच्या. त्यांचे प्रोफेसर वनस्पतींतल्या डिंकांवर आणि चिकट द्रव्यांवर काम करत. त्यांत कुठल्या कुठल्या साखरा बांधल्या गेलेल्या असतात, हे शोधायचं काम. युद्ध संपलं होतं, पण खाण्यापिण्यावरचं रेशन संपलं नव्हतं.

"आम्ही दिवसभर साखरंवर संशोधन करायचो," बाई सांगायच्या, "आणि च्यात घालाय साखर न्हवती!"

हे मामांना पत्रातून कळलं. त्यांनी गुळाचे खडे फडक्यात शिवून बोटीने पार्सल पाठवलं. प्रयोगशाळेतल्या लोकांना आधी तो साबण वाटला. प्रोफेसरांनी मात्र एक खडा उचलला, वास घेतला, जिभेवर ठेवला, आणि डोळे मिटले. मग त्यांनी विचारलं, "हा रस तुम्ही स्वच्छ कशाने करता?"

"भेंडीच्या चिकट्यानं." भेंडीची ताटं, म्हणजे झाडाचे दांडे, ठेचून पाण्यात भिजवली की बुळबुळीत चिकटा सुटतो. तो उकळत्या रसात टाकला की सगळी घाण मळी होऊन वर येते. आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असलेली गोष्ट.

"असं का होतं?"

"माहीत नाही."

"मग शोधून काढा," प्रोफेसर म्हणाले.

बाईंनी मामांना लिहिलं. पुढच्या पार्सलात गुळाबरोबर वाळलेली भेंडीची ताटं गेली.

कागदावर साखरा वेगळ्या करण्याची रीत तेव्हा अगदी नवी होती. ती समजली नाही तर पुढची गोष्ट समजणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. चिकटा आम्लात उकळला की त्यात बांधलेल्या साखरा सुट्या होतात. त्या पाण्याचा एक थेंब एका खास लांब कागदाच्या टोकाशी द्यायचा. कागद बंद भांड्यात टांगायचा आणि वरून एक द्रव त्यातून हळूहळू झिरपू द्यायचा. त्या द्रवाबरोबर प्रत्येक साखर आपापल्या चालीने खाली सरकते. दीड दिवसाने कागद काढून वाळवायचा, औषध फवारून शेकायचा, की जितक्या साखरा तितके तपकिरी ठिपके उमटतात.

बाईंच्या कागदावर चार उमटले.

प्रोफेसरांच्या हाताखाली एक वरिष्ठ संशोधक होते. उंच, लांब मानेचे, एका पायावर भार देऊन उभे राहणारे. बाई त्यांना करकोचा म्हणत. भेंडीच्याच जातकुळीतल्या एका झाडावर त्यांनी काम केलं होतं आणि त्यात तीनच साखरा असतात असं छापलं होतं. त्यांनी बाईंचा कागद पाहिला आणि विचारलं, "तुमचा गूळ आणि ही ताटं एकाच पार्सलातून आली ना?"

"हो."

"मग चौथा ठिपका ताटांना लागलेल्या त्या गुळाचा आहे."

दुसरी ताटं मागवायची तर बोटीला महिने लागणार. शिष्यवृत्तीची मुदत संपत आलेली. प्रोफेसरांनी सांगितलं, चौथा ठिपका प्रबंधात घालू नका, बाकीचं काम उत्तम आहे. बाईंनी घातला नाही. पदवी मिळाली.

"तवा मी गप बसलो," हे सांगताना बाई कपातल्या चहाकडे बघत. "जन्मात एकदाच गप बसलो. ते एवढं एक काम मी अर्धं टाकून आलोय."

कोल्हापुरात आल्यावर पहिलं वर्ष संपायच्या आत त्यांनी ते हातात घेतलं. ताज्या भेंडीला तोटा नव्हता. कागद त्यांनी येताना पत्र्याच्या नळीत गुंडाळून आणले होते, दोन डझन. तसा कागद हिंदुस्थानात मिळत नव्हता आणि मागवायचा तर परवान्याला वर्ष गेलं असतं. पण ते कागद टांगायला उंच, हवाबंद काचेचं भांडं हवं, ते कुठून आणायचं? विलायतेत काचेच्या पेट्या होत्या. इथे काचा जोडायला जे जे लावावं ते त्या द्रवात विरघळायचं.

आठवडाभर चाचा नुसते ऐकत होते. मग एक दिवस सायकलच्या कॅरिअरला बांधून त्यांनी एक कमरेएवढी चिनी मातीची बरणी आणली. "अम्मीची हाय, लोणच्याची," ते म्हणाले. "अम्मी म्हनती, न्या, पर दोन वर्सांत परत पायजे. नातीच्या लग्नाचं लोणचं घालायचं हाय."

ती बरणी आम्ही पंधरा दिवस धूत होतो. सोड्याने, आम्लाने, राखेने. शेवटी बाईंनी तिच्यात डोकं घालून वास घेतला आणि निकाल दिला, "गेला आंबा." वर झाकण म्हणून काचेचा जाड तुकडा घासून बसवला. त्या बरणीत, आमच्या त्या खोलीत, गडहिंग्लजच्या ताज्या भेंडीच्या कागदावर चार ठिपके उमटले. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. चारच.

बाईंनी निबंध लिहिला आणि आपल्या जुन्या प्रोफेसरांकडे पाठवला. त्यांनी तो तिथल्या नियतकालिकाकडे पुढे पाठवावा, अशी विनंती. उत्तर आलं ते करकोच्याच्या सहीचं. प्रोफेसर आता थकले होते आणि त्यांचं बरंचसं काम हेच बघत होते. बाईंनी पत्र आम्हांला मराठी करून वाचून दाखवलं. निबंध मेहनतीने लिहिलेला आहे. पण तिथली उष्णता, तिथलं पाणी आणि मातीची बरणी लक्षात घेता या निष्कर्षावर विसंबणं कठीण आहे. वेगवेगळ्या ठिकाणच्या झाडांवर प्रयोग पुन्हा व्हावा, चौथी साखर जी वाटते तिचा शुद्ध थेंब शेजारी द्यावा आणि वहीच्या पानांची नक्कल पाठवावी.

मला संताप आला. चाचांनी तर बरणीकडे असं पाहिलं, की जणू तिचाच अपमान झाला. "काय समजतो हा माणूस स्वतःला?" मी म्हणालो.

"बरोबर हाय त्याचं," बाई म्हणाल्या. "त्याच्या जागी मी असतो तर मीबी ह्येच इचारलं असतं. त्यानं न्हाई म्हटलेलं न्हाई. करून दाखवा म्हटलंय. दाखवू की."

पत्र्याच्या नळीत तेव्हा पाच कागद उरले होते.

तीन ठिकाणं ठरली. गडहिंग्लजची ताटं मामा स्वतः एस.टी.ने घेऊन आले. कोडोलीची एका विद्यार्थ्याने आपल्या मळ्यातून आणली. मलकापूरची आणायला मी गेलो आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला भारा मांडीवर घेऊन परत आलो. शेजारचा प्रवासी सारखा विचारत होता, "पावणं, भेंडी सोडून ताटं कुठं घिऊन निघालाय?" मी सांगितलं, विलायतेला. त्याने पुढे काही विचारलं नाही.

दिवस एप्रिलचे. पहिला कागद उन्हाने खाल्ला. खोली इतकी तापली, की द्रव वाटेतच सुकला आणि ठिपक्यांऐवजी ओघळ आले. बाईंनी मग बरणीभोवती ओली पोती गुंडाळायला लावली. चाचा तासातासाला पोत्यांवर पाणी शिंपडत. दुसरा कागद, गडहिंग्लजचा, चांगला उतरला. तिसरा, कोडोलीचा, त्याहून चांगला. शुद्ध साखरेच्या थेंबाच्या बरोबर रेषेत चौथा ठिपका.

चौथा कागद मलकापूरचा. मी आणलेली ताटं, म्हणून माझा जीव त्यात जास्त. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई वर्गावर होत्या, चाचा पाणी आणायला गेले होते. किती खाली आलंय एवढंच बघावं म्हणून मी झाकण जरासं सरकवलं आणि बरणीत डोकावलो. श्वासभरच. पण आतली वाफ बाहेर पडली आणि द्रवाची सरळ चाललेली रेघ डोळ्यांदेखत वाकडी झाली. संध्याकाळी कागद शेकला तेव्हा ठिपके एकमेकांत मिसळलेले होते.

मी खरं काय ते सांगून टाकलं. तोवर बाई मला 'तुम्ही' म्हणत. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या, "वही घे. तू लिव्ह."

"काय लिहू?"

"जे झालं ते. 'दुपारी अमक्या वेळी मी झाकण उघडलं, त्यामुळं कागद खराब झाला.' खाली सही कर."

मी लिहिलं. ओरडा बसला असता तर बरं, असं तुम्हांलाही कधी वाटलं असेल. तसं मला त्या वेळी वाटलं.

आता एकच कागद उरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तो नळीतून काढला, टेबलावर पसरला आणि माझ्यासमोर सरकवला. "ह्यो तू लाव."

"बाई, नको. शेवटचा आहे."

"म्हणून तर. ज्यानं झाकण उघडलं, त्याला झाकणाची किंमत कळलेली असती."

मलकापूरच्याच ताटांचा थेंब मी दिला. कागद मी टांगला. झाकण मी बसवलं. बाई आपल्या खुर्चीत बसून मुलांच्या वह्या तपासत होत्या. एकदाही उठून आल्या नाहीत. त्या दीड दिवसात जेवताना मी काय जेवलो ते मला आठवत नाही. पोत्यांवर पाणी शिंपडायच्या वेळा मात्र अजून आठवतात.

कागद काढला. वाळवला. औषध फवारलं. चाचांनी शेकायची पत्र्याची पेटी तापवून ठेवली होती. तिचं दार उघडलं तेव्हा आम्ही तिघे इतके जवळ वाकलो, की डोकी आपटली.

"एक," चाचा मोजायला लागले. "दोन. तीन."

आणि खाली, शुद्ध साखरेच्या शेजारी, तिच्याच रेषेत, चौथा. गोल, स्वच्छ, शेंगदाण्याच्या सालाच्या रंगाचा.

बाईंनी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक ठिपक्याभोवती वर्तुळ काढलं. चौथ्याभोवती काढताना त्यांना पेन्सिल दोनदा उचलावी लागली.

वहीची नक्कल करायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं. मी सगळी पानं उतरवली, एक सोडून. बाईंनी चाळली आणि विचारलं, "मधलं पान कुठाय?"

"ते कशाला पाठवायचं? तो प्रयोग फुकट गेला."

"पाठवलं तर समदी वही पाठवायची. न्हाईतर एकबी पान पाठवायचं न्हाई."

त्यामुळे जगातल्या एका जुन्या विद्यापीठात माझं नाव पहिल्यांदा पोचलं ते बरणीचं झाकण उघडणारा म्हणून. ते पाकीट पोस्टात टाकताना मला किती लाज वाटली ते सांगत नाही.

पावसाळा गेला. दसऱ्याच्या सुमाराला उत्तर आलं. बाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं, परत वाचलं, आणि या खेपेला मराठी न करता माझ्या हातात दिलं. मी वाचलं. करकोच्याने लिहिलं होतं, की त्याने विद्यापीठाच्या काचघरात भेंडी लावून स्वतः कागद केला. चार ठिपके आले. मग त्याने आपलं जुनं झाड पुन्हा तपासलं. तिथेही चौथा होता. इतकी वर्षं त्याच्याच नजरेतून सुटलेला. तसं तो छापून कळवणार होता. आणि शेवटी लिहिलं होतं: तुमच्या वहीतलं एक पान मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवलं. ज्या प्रयोगशाळेत उघडलेल्या झाकणाचीसुद्धा सहीनिशी नोंद होते, तिच्या ठिपक्यांवर मी अविश्वास दाखवायला नको होता.

माझ्या डोळ्यांसमोरची अक्षरं धूसर झाली. मी चाचांना मराठीत सांगितलं. चाचा गेले आणि फडकं घेऊन बरणी पुसायला लागले.

"माणूस खरा निघाला," बाई म्हणाल्या. मग घड्याळ पाहिलं, खडू उचलला आणि वर्गावर गेल्या. त्या दिवशी शेजारच्या वर्गातल्या प्राध्यापकांनी तक्रार केली, की बाईंचा आवाज भिंतीतून येतो आणि आमचे विद्यार्थी तिकडचंच ऐकतात.

निबंध छापायला गेला तेव्हा एक गंमत झाली. शेवटी बाईंनी आभार मानले होते: चिकटा काढायची रीत ज्यांनी शिकवली ते अमुक अमुक, गुळव्या, गडहिंग्लज. संपादकांचं पत्र आलं, की 'गुळव्या' हे आडनाव आहे की पदवी? बाईंनी कळवलं, पदवी आहे, आणि ती मिळायला चाळीस वर्षं लागतात. संपादकांनी ती नावापुढे तशीच छापली.

छापील प्रत आली ती ऐन गुऱ्हाळाच्या हंगामात. रविवारी बाई, चाचा आणि मी एस.टी.ने गडहिंग्लजला गेलो. मामा काहिलीपाशी उभे होते, उघड्या अंगाने, डोक्याला मुंडासं, वाफेत अर्धे दिसेनासे झालेले. बाईंनी लांबूनच हाक मारली.

"काय गं अक्का, आज अशी अवचित आलीस?" मामा वाफेतूनच म्हणाले. घरात त्या थोरल्या, म्हणून त्यांना सगळे अक्का म्हणत.

बाईंनी अंक उघडून धरला. सर्वांत वर भेंडीचं शास्त्रीय नाव, खाली बाईंचं नाव, माझं नाव, आणि त्याखाली तिरप्या इंग्रजी अक्षरांत 'कोल्हापूर'. जगातल्या कुठल्या कुठल्या ग्रंथालयांत तो अंक जाणार होता. तो शब्द मी एस.टी.त बसल्यापासून किती वेळा वाचला असेन! आमच्या गावाचं नाव गुळाच्या पेठेसाठी, तालमींसाठी, चपलांसाठी लोक घेत. चार साखरांसाठी ते पहिल्यांदाच कोणी छापलं होतं.

मामांनी हात धोतराला पुसले. "माझं कुठाय?"

बाईंनी त्यांचं बोट धरून शेवटच्या ओळीवर टेकवलं. बोटाचा चिकट डाग कागदावर उठला. मामा त्या अक्षरांकडे बघत राहिले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण आपलं नाव किती लांबीचं आहे ते बोटाने मोजल्यासारखं त्यांनी ते पुरं चाचपलं.

"आणि भेंडीचं?"

"ते पयलं हाय, मामा. वर. मोठ्या अक्षरात."

"मग बरोबर." त्यांनी मान डोलावली. "आदी तिचं, मग आपलं." आणि मग डोळे बारीक करून विचारलं, "सायबाला चिकट्यात काय हाय ते कळालं, न्हवं? पर काहिलीत कवा सोडायचा, ते कळालं का?"

"न्हाई, मामा. ते तुमालाच ठावं."

"व्हय की!" मामा मोठ्याने हसले, आणि काहिलीकडे वळून गड्यांवर ओरडले, कारण बोलण्याच्या नादात पाक उतरवायच्या पुढे चालला होता.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. बरणी ठरल्याप्रमाणे परत गेली. नातीचं लग्न झालं आणि लोणच्याची एक वाटी प्रयोगशाळेत आली. परवाना मिळाला, नवे कागद आले, काचेची पेटी आली. बाईंच्या हाताखाली तीन-चार मुलं संशोधन करायला लागली. त्यांतली एक मुलगी मलकापूरची होती. पहिल्याच दिवशी तिने बाईंना सांगितलं, की तिच्या भागातली भेंडी विलायतेपर्यंत गेली होती असं तिने ऐकलंय. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांनी नेली. मांडीवर घिऊन."

पन्नासचं दशक सरत आलं तेव्हा उत्तरेतल्या एका मोठ्या सरकारी संशोधनशाळेतून बाईंना बोलावणं आलं. त्यांनी बरेच दिवस उत्तरच दिलं नाही. शेवटी चाचा म्हणाले, "बाई, जावा. हितलं आमी बगतो." तेव्हा त्या गेल्या. तिथे त्यांनी पुष्कळ काम केलं, मोठ्या झाल्या, आणि तिथेच काही वर्षांपूर्वी वारल्या. कळवणारं कार्ड मला आलं तेव्हा मी स्वतः निवृत्तीला आलो होतो.

पण मला दिसतो तो त्यांचा जायचा दिवस. शनिवारची दुपार. कोल्हापूरच्या स्टेशनावर आजी-माजी विद्यार्थ्यांची ही गर्दी. प्राचार्यांनी हार घातला. गाडीत चढण्याआधी बाईंनी तो काढून चाचांच्या गळ्यात घातला. चाचा तो काढेनात आणि डोळेही पुसेनात. भाषण करा म्हणून मुलांनी गलका केला तर बाई म्हणाल्या, "भाषण कसलं? सोमवारी इंटरचं प्रॅक्टिकल हाय तुमचं, आब्यास करा."

शिटी झाली. त्या खिडकीशी आल्या आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी जपून ठेवण्यासारखं सांगतील.

"गॅसचे कॉक बंद केलेस का रे?"

"केले, बाई."

गाडी हलली. हात हलवता हलवता माझ्या मनात आलं, की खरंच केले का? निघायच्या गडबडीत मला काही आठवेना. गाडी दिसेनाशी झाल्यावर मी आणि चाचा सायकली दामटत कॉलेजात आलो, कुलूप काढलं आणि एकेका टेबलाशी जाऊन पाहिलं.

सगळे बंद होते. मी ते बंद केलेच नव्हते, हे मला हात लावताक्षणी कळलं. ते बाईंच्या पद्धतीने इतके घट्ट फिरवलेले होते, की सोमवारी सकाळी उघडायला मला आणि चाचांना दोघांना मिळून जोर लावावा लागला.